दालन, धुराडे आणि दरवाजाची जागा : इंग्लंडमधील मॅनर हाऊसविषयी वाचकांचे प्रश्न

वास्तुकलेच्या या सदरासाठी इंग्लंडमधील जुन्या मॅनर हाऊसविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्न वेगवेगळ्या वाचकांचे असले, तरी ही घरे अशी का दिसतात, हीच जिज्ञासा त्यांतील बहुतेकांमागे आहे. घरात कोण कोठे बसे, कोठे जेवे आणि पुढे कोणाला कोणापासून दूर राहावेसे वाटू लागले, यावर या घरांचे रूप घडत गेले, असे माझे मत आहे. पुढील उत्तरे बव्हंशी त्याच अनुषंगाने दिली आहेत.

प्रश्न : श्रॉपशरमधील स्टोकसे कॅसलच्या नावात किल्ला आहे, पण त्याची गणना मॅनर हाऊसमध्ये होते. मग किल्ला आणि मॅनर हाऊस यांतील फरक कसा ओळखावा?

उत्तर : मॅनर हा मध्ययुगीन इंग्लंडमधील जमीनदारीचा घटक होता. शेतजमीन, कुरणे, कुळे, त्यांच्याकडून येणारा खंड, ठरलेली वेठीची कामे आणि कुळांचे तंटे ऐकणारे जमीनदाराचे न्यायालय हे सारे त्यात येई. या सर्वांचा कारभार ज्या घरातून चाले, ते मॅनर हाऊस. किल्ल्याचा मुख्य हेतू शत्रूला रोखण्याचा असतो, तर या घराचा मुख्य हेतू राहण्याचा आणि कारभार करण्याचा होता.

स्टोकसेचे घर लॉरेन्स ऑफ लडलो या लोकरीच्या बड्या व्यापाऱ्याने तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधून घेतले. घराला तटबंदीचे दंतुर कठडे बांधण्याची परवानगी त्याला राजा पहिला एडवर्ड याच्याकडून १२९१ मध्ये मिळाली. अशा परवानगीत संरक्षणाइतकाच, किंबहुना अधिकच, प्रतिष्ठेचा भाग असे. याचा पुरावा इमारतीतच आहे. मुख्य दालनाच्या उंच, रुंद खिडक्या अंगणाकडे तर आहेतच, पण बाहेरच्या, खंदकाच्या बाजूलाही आहेत. खऱ्या वेढ्याची धास्ती असलेल्या माणसाने तेथे अशा खिडक्या कधीच ठेवल्या नसत्या. पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धात, १६४५ मध्ये, हे घर पार्लमेंटच्या सैन्याच्या स्वाधीन झाले, तेही मोठी लढाई न होता. आज त्याच्या भक्कम दगडी बुरुजांपुढे सतराव्या शतकातील लाकडी चौकटीची, कोरीवकाम केलेली देवडी उभी आहे. ती पाहिल्यावर घरमालकाला शत्रूची चिंता अधिक होती की पाहुण्यांची, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तेव्हा भिंतींची जाडी किंवा खंदक पाहून घाईने निष्कर्ष काढू नये. खालच्या मजल्यावर मोठ्या खिडक्या कोणत्या बाजूला आहेत आणि घराचा मध्यबिंदू बुरुज आहे की दालन, हे आधी पाहावे.

प्रश्न : मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. अनेक मॅनर हाऊसचे नकाशे पाहताना असे लक्षात आले, की प्रवेशद्वार मुख्य दालनाच्या मध्यावर न उघडता एका टोकाला उघडते आणि त्याच टोकाला तीन दारे शेजारीशेजारी असतात. ही रचना इतक्या घरांत सारखी का आहे?

उत्तर : या एका प्रश्नात जवळजवळ तीनशे वर्षांच्या इंग्रजी गृहरचनेची किल्ली आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

मध्ययुगीन घराचे मुख्य अंग म्हणजे ग्रेट हॉल. जमिनीपासून छपरापर्यंत मोकळे असलेले हे एकच उंच दालन जेवणाचे, कुळांच्या न्यायालयाचे, सणासमारंभांचे आणि रात्री अनेक नोकरांच्या झोपण्याचेही ठिकाण होते. या आयताकृती दालनाची दोन टोके समान मानाची नव्हती. वरच्या टोकाला जमिनीपासून थोडा उंच चौथरा असे आणि त्यावर आडवे टेबल मांडून मालक, त्याचे कुटुंब व मानाचे पाहुणे दालनाकडे तोंड करून बसत. बाकीची मंडळी खाली, लांबीच्या भिंतींना समांतर मांडलेल्या टेबलांवर बसत. खालच्या टोकाला समोरासमोरच्या दोन लांब भिंतींत दोन दारे असत आणि त्यांच्यामधून दालनाच्या रुंदीइतका एक बोळ जाई. बोळाच्या एका अंगाला लाकडी आडभिंत असे, ज्यामुळे वाऱ्याचा झोत आणि नोकरांची वर्दळ दालनापासून दूर राही. दुसऱ्या अंगाला तुम्ही पाहिलेली ती तीन दारे : एक पेयांच्या कोठीचे, एक पावाच्या कोठीचे आणि मधले स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या वाटेचे. आगीच्या भयाने स्वयंपाकघर पुष्कळदा घरापासून वेगळे किंवा थोडे लांब ठेवलेले असे.

याचा अर्थ असा, की घरात येणारा प्रत्येक माणूस, मग तो कूळ असो वा सरदार, खालच्या टोकाने आत येई, आडभिंतीतील दारातून दालनात पाऊल टाकी आणि मालकापर्यंत पोचण्यासाठी त्याला दालनाची संपूर्ण लांबी चालावी लागे. दरवाजा मध्यावर असता तर हे अंतर नाहीसे झाले असते. मानाची उतरंड येथे चालण्याच्या अंतरातून दाखवलेली आहे आणि मला ती कोणत्याही कोरीवकामापेक्षा अधिक बोलकी वाटते.

केंट परगण्यातील पेन्सहर्स्ट प्लेस येथे हे सारे आजही पाहता येते. चार वेळा लंडनचा महापौर झालेला व्यापारी सर जॉन डी पुल्टनी याच्यासाठी १३४१ च्या सुमारास बांधलेले हे दालन सुमारे ६२ फूट लांब, ३९ फूट रुंद आणि जवळपास ६० फूट उंच आहे. त्याचे छत चेस्टनटच्या लाकडाचे आहे. जमिनीच्या मध्यभागी अष्टकोनी उघडी शेकोटी आहे. तिला धुराडे नाही. धूर वर चढून छपरातील झरोक्यातून बाहेर जाई. दालन इतके उंच का, याचे एक साधे कारण येथे मिळते : धूर माणसांच्या डोक्यावर राहावा लागे. जुन्या घराच्या माळ्यावर काजळीने काळे पडलेले वासे सापडले, तर खाली कधीकाळी उघडी शेकोटी होती असे अभ्यासक मानतात, मग आज तेथे कितीही मजले आणि छतांचे थर चढलेले असोत.

चौथऱ्यामागच्या दाराने मालकाच्या खासगी खोल्यांकडे जाता येई. त्यांतील वरच्या मजल्यावरची खोली सोलर म्हणून ओळखली जाते. स्टोकसे येथे सोलरमध्ये जाण्यासाठी बाहेरून जिना आहे, पण त्या खोलीच्या भिंतीत लहान झरोके ठेवलेले आहेत, ज्यांतून मालकाला खालच्या दालनावर नजर ठेवता येई. विल्टशरमधील ग्रेट चॅलफील्ड मॅनर या पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील घरात याच कामासाठी दालनाच्या भिंतींत दगडी मुखवटे बसवलेले असून त्यांचे डोळे आरपार कोरलेले आहेत. हे पाहताना मालकाच्या मनातील द्विधा स्पष्ट दिसते. त्याला माणसांच्या गर्दीतून उठून जायचे आहे, पण ती गर्दी आपल्या नजरेबाहेर जाऊ द्यायची नाही.

पुढे उठून जाण्याची ओढच जिंकली. मालकाचे कुटुंब वरच्या मजल्यावरील खोलीत जेवू लागले आणि खालचे दालन हळूहळू नोकरांचे व येणाऱ्या-जाणाऱ्यांचे झाले. सोळाव्या शतकात विटांची धुराडी आणि भिंतीतील शेकोट्या सर्रास होऊ लागल्यावर मधल्या शेकोटीची गरज उरली नाही. धूर नाही म्हणून उंचीही नको. मग अनेक दालनांवर आडवा मजला घालून वर नवी खोली काढण्यात आली. शेकोट्या इतक्या वाढल्या, की १६६२ ते १६८९ या काळात सरकारने दर शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग करही घेतला.

या प्रवासाचे शेवटचे टोक डर्बीशरमधील हार्डविक हॉल येथे दिसते. १५९० मध्ये काम सुरू झालेले हे घर आकाराने आणि थाटाने सामान्य मॅनर हाऊसच्या कितीतरी पुढचे आहे, तरीही त्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. बेस ऑफ हार्डविक या अतिशय श्रीमंत व कर्तबगार स्त्रीसाठी रॉबर्ट स्मिथसन याने केलेल्या या रचनेत दालन नव्वद अंशांनी फिरवलेले आहे : ते घराच्या दर्शनी भिंतीला समांतर न ठेवता पुढून मागे जाते आणि प्रवेशद्वार थेट त्याच्या मध्यावर उघडते. वरचे टोक, खालचे टोक आणि चालण्याचे ते अंतर एका फटक्यात संपले. मान आता उंचीत मोजला जाऊ लागला. तळमजला सेवकवर्गाचा, पहिला मजला कुटुंबाचा आणि सर्वांत उंच छतांचा दुसरा मजला राजेशाही स्वागताचा, अशी त्या घराची मांडणी आहे.

नकाशे अभ्यासताना आधी बोळ आणि ती तीन दारे शोधावीत. ती सापडली की दालनाचे खालचे टोक कळते, त्यावरून वरचे टोक कळते आणि नंतर केलेली मोडतोड व भर आपोआप वेगळी दिसू लागते.

प्रश्न : राणी पहिली एलिझाबेथ हिच्या सन्मानार्थ त्या काळातील घरे तिच्या नावातील इंग्रजी आद्याक्षराच्या, म्हणजे E च्या, आकाराची बांधली जात, हे खरे आहे काय?

उत्तर : ही समजूत फार लोकप्रिय आहे, पण मला ती ग्राह्य वाटत नाही. मधे दालन, दोन्ही टोकांना पुढे आलेले दोन आडवे भाग आणि दारापुढे देवडीसारखा मंडप, एवढे जमले की तो आकार वरून पाहता आपोआप तयार होतो. वर उल्लेखलेले ग्रेट चॅलफील्ड राणीच्या राज्यारोहणाच्या, म्हणजे १५५८ च्या, कितीतरी आधीचे आहे आणि त्याच्या दर्शनी भागात हे घटक जवळजवळ सर्वच आहेत. फक्त प्रवेशमंडप मध्यावर नसून बाजूला आहे, कारण आतला बोळ बाजूला आहे. सोळाव्या शतकात बाहेरून दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात अशी आवड वाढली, तेव्हा मंडप मध्यावर आणण्यात आला आणि आतले दालन मुकाट्याने एका बाजूला सरकले. सॉमरसेटमधील मॉन्टॅक्यूट हाऊसचा दर्शनी भाग असा समतोल आहे. आतील सोयीवर बाहेरच्या दिसण्याने मात केल्याचा हा क्षण आहे आणि मला व्यक्तिशः त्याआधीची, आत जे आहे तेच बाहेर दाखवणारी वाकडीतिकडी घरे अधिक प्रामाणिक वाटतात.

प्रश्न : चेशरमधील लिटल मोर्टन हॉलचे छायाचित्र पाहिले. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे ते घर पडायला आल्यासारखे वाकलेले दिसते. ते मुळातच तसे बांधले होते का? आणि ते इतकी शतके कसे टिकले?

उत्तर : मुळात ते तसे बांधलेले नव्हते. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून सुमारे शंभर वर्षे मोर्टन घराण्याने हे घर टप्प्याटप्प्याने वाढवले. शेवटच्या मोठ्या भरीत दक्षिणेकडील भागावर ६८ फूट लांबीची लाँग गॅलरी चढवली, म्हणजे पावसाळी हवेत फिरण्यासाठी आणि खेळण्यासाठी एक लांबलचक दालन. त्यावर वजनदार वालुकाश्माच्या लाद्यांचे छप्पर आले. खालची चौकट एवढा भार वाहण्यासाठी योजलेली नव्हती, त्यामुळे ती दबली, फाकली आणि वाकली.

तरीही ती तुटली नाही, याचे श्रेय बांधकामाच्या पद्धतीला आहे. अशा घरांसाठी ओक वृक्षाचे लाकूड बहुधा ओले असतानाच वापरत, कारण वाळलेला ओक लोखंडासारखा कठीण होतो आणि हत्यारांना दाद देत नाही. सुतार आपल्या आवारात चौकट जमिनीवर आडवी जुळवून पाहत, एका लाकडात भोक आणि दुसऱ्याला त्यात बसणारी कूस कोरत, प्रत्येक सांध्यावर खुणेचे आकडे कोरून ठेवत आणि मग सारे सुटे करून जागेवर पुन्हा उभारत. सांधे लाकडी खुंट्यांनी पक्के केले जात. उभारल्यानंतर लाकूड वाळताना आक्रसते आणि पिळवटते, पण त्याचबरोबर सांधेही आवळत जातात. खुंट्यांचे सांधे थोडे हलू शकतात, म्हणून भार वाढला की अशी चौकट एकदम मोडत नाही, नव्या आकारात स्थिरावते. चौकटीतील रिकाम्या जागा काठ्यांच्या विणीवर माती लिंपलेल्या कुडाने भरून त्यावर चुन्याचा गिलावा दिलेला असे. तोही चौकटीबरोबर काही प्रमाणात हलतो.

या घराचा सुतार अज्ञात नाही, याचा मला विशेष आनंद वाटतो. अंगणाकडील मोठ्या खिडक्यांवर १५५९ हे साल आणि या खिडक्या ईश्वरकृपेने रिचर्ड डेल या सुताराने केल्या, अशा अर्थाचा मजकूर कोरलेला आहे. मालकाच्या नावाशेजारी कारागिराचे नाव असा मान मिळाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

काळ्या-पांढऱ्या रंगाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. इंग्लंडमधील अशा पुष्कळ घरांचे लाकूड मुळात न रंगवता सोडलेले होते आणि काळाच्या ओघात ते रुपेरी करडे झाले होते. लाकूड डांबराने किंवा रंगाने काळेभोर करण्याची रीत मुख्यतः एकोणिसाव्या शतकात फैलावली. आज आपल्याला जे अस्सल जुने वाटते, त्यातील रंग बऱ्याचदा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला असतो.

प्रश्न : डर्बीशरमधील हॅडन हॉलच्या खिडक्यांच्या काचा वेगवेगळ्या कोनांत झुकलेल्या दिसतात. हा दोष आहे की योजना?

उत्तर : त्या काळी मोठ्या एकसंध काचा सहज मिळत नसत, लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून तावदान तयार करीत. अशी तावदाने वयाने आणि वाऱ्याने फुगतात हे खरे, पण हॅडनच्या लाँग गॅलरीतील तावदानांचे झुकाव जाणीवपूर्वक दिलेले मानले जातात, ज्यामुळे उजेड अनेक दिशांनी आत पसरतो. सुमारे ११० फूट लांबीच्या त्या दालनात भिंतींवरील ओकच्या कोरीव तक्तपोशीवर उजेड कसा सरकत जातो, हे पाहिल्यास या खुलाशावर विश्वास बसतो. काच महाग असल्यामुळे ती संपत्तीची खूण होती. हार्डविकविषयी तर तेथे भिंतींपेक्षा काचच जास्त, असे यमक जुळवून लोक म्हणत. त्या घराच्या काही खिडक्यांमागे प्रत्यक्षात धुराड्यांची भिंत आहे. बाहेरून रांग अखंड दिसावी, एवढ्यासाठीच त्या ठेवल्या आहेत.

प्रश्न : अशा घरांत पाद्र्यांना लपवण्यासाठी गुप्त जागा असत असे ऐकले आहे. त्या खरोखरच होत्या का, आणि त्या शोधणाऱ्यांना कशा सापडत नसत?

उत्तर : होय, होत्या. १५८५ च्या कायद्याने जेझुइट या कॅथॉलिक संघाचे आणि परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथॉलिक धर्मगुरूंचे इंग्लंडमधील वास्तव्य हा राजद्रोह ठरवला आणि त्यांना आसरा देणेही देहान्त शिक्षेचा गुन्हा झाले. तरी अनेक कॅथॉलिक घराण्यांनी आपली दारे त्यांच्यासाठी उघडी ठेवली. निकोलस ओवेन हा सुतारकामात निष्णात असलेला सेवाव्रती अशा जागा तयार करण्यात अग्रणी होता. १६०६ मध्ये तो पकडला गेला आणि टॉवर ऑफ लंडनमध्ये झालेल्या छळात मरण पावला, पण त्याने एकही जागा उघड केली नाही. १९७० मध्ये कॅथॉलिक चर्चने त्याला संतपद दिले.

वास्तुदृष्ट्या पाहता, या जागा लपू शकल्या त्या घरे टप्प्याटप्प्याने वाढल्यामुळेच. जुन्या दालनावर घातलेला मजला, शेजारच्या भागाची वेगळी पातळी, नंतर जोडलेले रुंद धुराडे आणि जिन्याखालची पोकळी यांच्या सांध्यांत अशा रिकाम्या जागा उरत, ज्यांचा हिशेब बाहेरून मोजमाप करून सहज लागत नसे. वूस्टरशरमधील हार्विंग्टन हॉलमध्ये अशा अनेक जागा आहेत. तेथे एका ठिकाणी भिंतीतील उभे लाकूड एका टोकावर फिरते आणि मागची खोबण उघडते. दुसऱ्या ठिकाणी जिन्याच्या पायऱ्याच उचलता येतात. वॉरिकशरमधील बॅडस्ले क्लिंटन येथे १५९१ मध्ये झडती झाली, तेव्हा काही धर्मगुरू घराखालच्या जुन्या सांडपाण्याच्या भुयारात सुमारे चार तास पाण्यात उभे राहून वाचले, असे मानले जाते. सहलीच्या जाहिरातींत या जागा रहस्यकथेसारख्या सांगितल्या जातात. तेथे उभ्या राहिलेल्या माणसांच्या जिवाची किंमत लक्षात ठेवूनच त्या पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : इतक्या जुन्या घरांची दुरुस्ती करताना मूळचे किती राखायचे, हे कसे ठरवतात? सिमेंटने दुरुस्ती का चालत नाही?

उत्तर : सिमेंटचा भाग आधी घेतो. जुन्या भिंती ओलावा शोषतात आणि चुन्याच्या दरजांतून व गिलाव्यातून तो बाहेर सोडतात. त्यांवर सिमेंटचा घट्ट थर दिला, की ओलावा आत अडकतो. दगडाचे पापुद्रे निघतात आणि लाकडी चौकट कुजते. शिवाय चुना लवचीक असल्याने इमारतीची किंचित हालचाल सहन करतो, सिमेंट मात्र तडकते आणि तड्यांतून पाणी आत घेते. विसाव्या शतकात चांगल्या हेतूने केलेल्या सिमेंटच्या दुरुस्त्या आता काढून टाकाव्या लागत आहेत.

मूळचे किती राखायचे, हा वाद एकोणिसाव्या शतकात पेटला. त्या काळी जुन्या इमारतींना कल्पनेतील मध्ययुगीन रूप देण्यासाठी नंतरचे अस्सल भाग पाडून टाकले जात. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. जुने पुन्हा नव्याने घडवू नका, वेळेवर डागडुजी करून जे आहे ते टिकवा, हे तिचे सूत्र आजही दुरुस्तीचा पाया मानले जाते आणि मला ते पूर्णपणे मान्य आहे. हॅडन हॉल तर एका अर्थाने दुर्लक्षामुळेच वाचले. अठराव्या शतकाच्या आरंभापासून त्याचे मालक रटलंडचे ड्यूक दुसऱ्या घरी राहत असल्याने कोणीही त्याला नव्या फॅशनप्रमाणे बदलले नाही, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नवव्या ड्यूकने ते मोठ्या काळजीने पुन्हा राहते केले.

केंटमधील इटम मोट या खंदकाने वेढलेल्या, चौदाव्या शतकापासून वाढत आलेल्या घराचे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. चार्ल्स हेन्री रॉबिन्सन या अमेरिकी गृहस्थाने ते १९५३ मध्ये विकत घेऊन वाचवले आणि त्याच्या मृत्यूनंतर १९८५ मध्ये ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आले. १९८९ ते २००४ या काळात तेथे झालेल्या कामात घराचे भाग क्रमाने उघडून, प्रत्येक थराची नोंद करून, कुजलेला तुकडाच तेवढा बदलून ते पुन्हा जुळवण्यात आले. या कामाला सुमारे एक कोटी पौंड खर्च आला. अंगणातील मोठ्या कुत्र्यासाठी केलेले एकोणिसाव्या शतकातील लाकडी घरसुद्धा पहिल्या श्रेणीच्या संरक्षित वास्तूंत गणलेले आहे.

ही श्रेणी फार थोड्या वास्तूंना मिळते. इंग्लंडमधील संरक्षित इमारतींपैकी सुमारे अडीच टक्केच तिच्यात आहेत. श्रेणी कोणतीही असो, संरक्षण केवळ दर्शनी भागापुरते नसते, ते आतील जिने, तक्तपोशी आणि शेकोट्यांनाही लागू होते, आणि इमारतीच्या स्वरूपाला बाधा आणणारा बदल विनापरवाना करणे हा मालकासाठीही फौजदारी गुन्हा आहे.